सत्यभामाबाईंनी राखलेले डाग

भावसिंगपुऱ्यात सत्यभामाबाईंच्या संशयाची ख्याती अशी, की दूधवाला त्यांच्या दारात आला की आधीच सांगून टाकतो, "मावशी, पाणी घातलं नाय." बाईंनी विचारलेलं नसतं. पण न विचारता सांगितलं म्हणजे नक्कीच घातलं असणार, असं त्या धरून चालतात, आणि बोट बुडवून थेंब नखावर घेऊन बघतात. भाजीवाल्याच्या तागडीखाली हात फिरवतात. मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतल्या की पाकिटावरची तारीख त्यालाच मोठ्यानं वाचायला लावतात आणि घरी येऊन शेजारणीकडून पुन्हा वाचून घेतात. मुलगा अभय वाळूजच्या एका कंपनीत आहे. तो म्हणतो, "आई, तुला पौर्णिमेच्या चांदण्यात बी काळंबेरं दिसतंय."

तसं पाहिलं तर बाईंचा इलाज नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं तपासणीच्या टेबलावर गेली. तिथं क्रीम भरायच्या पांढऱ्या डब्या बनायच्या. मशीनमधून गरम डब्या यायच्या आणि बाई ट्यूबलाइटखाली एकेक उचलून गोल फिरवून बघायच्या. कुठं काळा ठिपका दिसला, मग तो मोहरीएवढा का असेना, की डबी डाव्या हाताच्या क्रेटमध्ये. रिजेक्ट. "सत्यभामाबाईच्या हातून डाग सुटत नाय," असं सुपरवायझर एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता. एवढी शाबासकी बाईंना आयुष्यात दुसरी मिळाली नाही, त्यामुळं ती त्यांनी जपून ठेवली.

पुढं कारखाना बंद पडला, टेबल गेलं, नजर मात्र काही रिटायर झाली नाही. माणूस समोर आला की त्याला उजेडाकडं वळवून बघायची खोड राहिली. "जरा हिकडं बघ" म्हणत हनुवटीला धरायचं, तोंड ट्यूबलाइटकडं फिरवायचं आणि दिसेल ते बोलून मोकळं व्हायचं. कुणाचा दात पुढं, कुणाचे केस विरळ, कुणाच्या मानेवर काळपट रेघ. मनात काही नसायचं. माल तपासल्यासारखं तपासायचं, एवढंच. पण नात्यातल्या लग्नाळू पोरी बाई आल्या की आतल्या खोलीत पळायच्या, त्याचं काय कारण असेल याचा संशय मात्र त्यांना कधी आला नाही.

सून सुलेखा फुलंब्रीची. कमी बोलणारी, सासूला आत्या म्हणणारी. लग्न ठरताना तिचीही तपासणी झाली होती आणि बाईंना काही म्हणता काही सापडलं नव्हतं. तिला मुलगी झाली, आणि बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले. आपल्याकडं बायकांना येतातच हे काळसर चट्टे. कुणाचे जातात, कुणाचे राहतात, त्यानं काही भाकरी करपत नाही की माणूस अडत नाही. एक दिवस बाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, सुलेखा चहा घेऊन आली. बाईंनी तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं फिरवलं.

"आधी बरी होतीस गं. आता तोंड करपल्यावानी दिसाय लागलं."

बोलल्या, चहा घेतला, साखर कमी पडली म्हणाल्या आणि विसरूनही गेल्या.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सुलेखाच्या भावाचं, इंद्रजीतचं लग्न ठरलं. फुलंब्रीत मांडव पडायचा होता. घरात लग्नाची बोलणी, साड्यांची बोलणी. अशात एका सकाळी सुलेखा गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि फोन कानाला होता. बाई मिरच्या वाळत टाकायला जिना चढत होत्या. वरून आवाज आला तशा त्या पायरीवरच थांबल्या. थांबायचं काही कारण नव्हतं, पण आवाज दबका होता, आणि दबका आवाज ऐकून पुढं निघून जाणं बाईंच्या रक्तात नाही.

"हळू बोल, आत्या घरातच हाय," सुलेखा म्हणत होती. "व्हय, दोन डाग गेलेत. राहिलेले बी लग्नाच्या आधी गेले पाहिजेत. नाय गं, त्यांना काय बी माहीत नाय."

बाईंच्या हातातलं सूप कललं आणि मिरच्या जिन्यावर सांडल्या.

आता गंमत बघा. आपल्या भाषेनं डाग या एका शब्दाला दोन घरं दिली आहेत. कपड्यावर पडतो तो डाग, चेहऱ्यावर उठतो तो डाग, आणि अंगावर घालतात तो सोन्याचा जिन्नस, तोही डागच. शहरातले लोक हल्ली दागिना म्हणतात. सत्यभामाबाईंच्या घरात सोन्याला डागच म्हणतात. एकदाणी, झुबे आणि बोरमाळ. कारखान्यातल्या पगारातून एकेक करून केलेले आणि लग्नात सुनेच्या अंगावर घातलेले. दुसरी कुणी असती तर तिनं वर जाऊन सरळ विचारलं असतं, कोणते डाग गं? पण सरळ विचारलं की समोरचा सावध होतो, असा बाईंचा अनुभव. त्या आल्या पावली खाली गेल्या आणि कपाट उघडलं.

एकदाणी होती. झुबे होते. बोरमाळही होती.

बाईंना हायसं वाटायला हवं होतं. उलट त्यांचा संशय वाढला. दोन गेलेत असं पोरगी आपल्या तोंडानं सांगते आणि इथं तर सगळे हजर, म्हणजे खरे काढून खोटे ठेवले असणार! त्यांनी पुरचुंडी पोलक्यात खोचली, वरून पदर घट्ट ओढला आणि रिक्षा करून गुलमंडी गाठली. बाजारात निम्म्या बायका उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरत होत्या. डोळे तेवढे उघडे. त्यातली प्रत्येक जण आपल्या पोलक्याकडंच बघतेय असं बाईंना वाटत होतं. तिथून पुढं सराफ्यात बद्रीनाथ सराफाच्या दुकानात जाऊन त्यांनी पुरचुंडी सोडली. म्हातारा डोळ्याला भिंग लावून हसला. "बाई, हे माझ्याच हातचं. माझंच सोनं मला खोटं म्हणून दाखवायला आणलं व्हय?"

सोनं खरं निघालं. तेवढ्यानं समाधान होईल तर त्या सत्यभामाबाई कसल्या. अजून गेले नसतील, पण जायचा बेत तर आहे. घरी येऊन त्यांनी पुरचुंडी ज्वारीच्या कोठीत, खोल तळाशी नेऊन पुरली आणि त्या दिवसापासून सुनेवर नजर ठेवली.

आणि नजर ठेवली की दिसतंच. सुलेखा आता डोळ्याला डोळा देत नव्हती. स्वयंपाक करतानाही ओढणी नाकापर्यंत ओढलेली. विचारलं तर म्हणे फोडणीचा ठसका लागतो. खिडकीचे पडदे दिवसासुद्धा ओढलेले. भाकरी करायची वेळ आली की, "आत्या, आज तुमीच करता का?" बाथरूममध्ये गेली की लवकर बाहेर येत नव्हती. बाईंना प्रत्येक गोष्टीत चोरी दिसत होती. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून ओढणी, शेजारच्यांनी बघू नये म्हणून पडदे, आणि मन थाऱ्यावर नाही म्हणून भाकरी नको. एकाही गोष्टीचा अर्थ त्यांनी तिच्या गालांपर्यंत नेला नाही.

एकदा तर फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या मागं त्यांना पांढरी डबी सापडली. वर चित्र होतं, एकाच बाईचा अर्धा चेहरा काळा, अर्धा गोरा, आणि नाव 'रूपचांदणी'. बाईंनी झाकण उघडलं आणि झुबा तर लपवला नाही ना म्हणून आगपेटीतली काडी घेऊन क्रीम तळापर्यंत ढवळून बघितलं. काही लागलं नाही. मग जुन्या सवयीनं डबी उजेडात धरून गोल फिरवली. कुठं ठिपका नव्हता. पास. पुसून होती तशी ठेवून दिली.

अभयला सांगितलं, तर तो बूट घालता घालता म्हणाला, "आई, डाग तिचे. ती घालंल नायतर ठेवंल. तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं." आणि शिफ्टला निघून गेला. त्याचंही काही वेगळं नव्हतं. बायकोच्या चेहऱ्याला काय झालंय, हे त्यानंही बघितलं नव्हतं. बाईंच्या जन्माच्या संशयानं एवढं मात्र केलं होतं, की खरंच काही तरी चाललं होतं तेव्हा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

मग एका दुपारी दार वाजलं. बाहेर पंचविशीतली एक पोरगी, खांद्याला मोठी बॅग, चेहऱ्यावर पावडरचा थर. तिनं आधी बाईंच्या खांद्यावरून आत भिंतीवरच्या फोटोंकडं बघितलं आणि मग हात जोडले, "जयभीम मावशी. मी श्रेया. सुलेखाताई हायत का?"

फोटो बघून नमस्कार ठरवणारी पोरगी! बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. फोनवर पलीकडं हीच असणार, याची त्यांना खात्री पटली.

"डाग न्यायला आलीस व्हय?" त्यांनी थेटच विचारलं.

पोरगी खुलली. "म्हंजे ताईंनी सांगितलं वाटतं तुमाला! व्हय मावशी, दोन तर गेलेच. राहिलेले लग्नाच्या आधी घालवून टाकू."

"घालवून टाकू? अन् गेलेले कुठं गेले?"

"कुठं म्हंजे? जिरले."

"सोनं जिरतंय व्हय गं, भवाने?" बाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

श्रेया दोन पावलं मागं सरली. "सोनं? मावशी, मी सोन्याचं कुठं बोलतेय? तोंडावरचे डाग. वांग. ताईंच्या तोंडावरचे!"

आतून सुलेखा आली होती. नात कडेवर, ओढणी नाकापर्यंत. बाईंनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मग सुलेखाजवळ गेल्या आणि त्यांनी ओढणी खाली ओढली.

दोन जागचे वांग खरंच गेले होते. पण गेले ते गालांची कातडी घेऊन गेले होते. दोन्ही गाल लालभडक, ताणलेले, उकडलेल्या टोमॅटोच्या सालीसारखे पातळ. खालच्या बारीक शिरा दिसत होत्या आणि हनुवटीपर्यंत पुरळ उठलं होतं. उजेड पडताच सुलेखानं डोळे मिटून घेतले. चुलीची धग तिला सोसत नव्हती, ऊन सोसत नव्हतं, म्हणून ते पडदे आणि म्हणून ती ओढणी. बाईंना सगळं एका दमात कळलं. आपण ज्वारीच्या कोठीवर पहारा करत बसलो आणि इकडं पोरीचं तोंड गेलं.

"सुरुवातीला असं व्हतंच," श्रेया घाईघाईनं म्हणाली. "आतली घाण बाहेर पडते. आता बंद केलं तर दुप्पट येतील. ह्याच्यावर लावायला दुसरी डबी आणलीय मी."

"एका डबीनं जाळलं, आता दुसरी आणलीस?" बाई कडाडल्या. "हिच्या तोंडाला काय झालं होतं म्हून तू हिच्या मागं लागलीस? कुणी सांगितलं तुला हिचं तोंड वाईट हाय म्हून?"

"मी कुणाच्या तोंडाला नावं ठेवत नाय, मावशी." श्रेयाला खरंच लागलं होतं, किंवा तसं दाखवता येत होतं. "ट्रेनिंगमधीच सांगतेत, गिऱ्हाईकाला कधी काळी म्हणायचं नाय, डागाचं नाव आपण काढायचं नाय. फकस्त एक विचारायचं. घरात बोलणारं कुणी हाय का? असलं की पुढं आमाला काय बी बोलावं लागत नाय."

"मग? कोण बोललं हिला?"

"जाऊ द्या ना, आत्या," सुलेखा म्हणाली.

पण बाई जाऊ देणाऱ्यातल्या नव्हत्या. अभय बोलला असेल. नाही तर समोरची, ती सगळ्यांना नावं ठेवते. नाही तर फुलंब्रीची कुणी. बाईंच्या डोळ्यांसमोरून एकेक तोंड सरकत होतं आणि प्रत्येकाला कसं झोडायचं हेही ठरत होतं. "नाव सांग गं. कोण बोललं?"

श्रेयानं मोबाइल काढला, अंगठ्यानं सरकवला आणि बाईंसमोर धरला. बायकांच्या ग्रुपवर ती जाहिरात फिरत होती. रूपचांदणीची डबी, अर्धा काळा अर्धा गोरा चेहरा, आणि वर ठळक अक्षरात एक ओळ. बाईंना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून श्रेयानंच वाचून दाखवली: "घरचे म्हणतात, आधी बरी होतीस, आता तोंड करपलंय?"

"ताईंनी सांगितलं तेच टाकलंय," ती म्हणाली. "लई बायकांना लागू पडलं, मावशी. तुमचेच शब्द हायत की."

 बाईंना तो चहा आठवला, नात मांडीवर होती ते आठवलं, साखर कमी पडली होती तेही आठवलं. एवढ्या डब्या तपासल्या, एवढी माणसं तपासली, पण आपल्या तोंडून काय बाहेर पडतं ते त्यांनी एकदाही उजेडात धरून बघितलं नव्हतं. आणि या लोकांनी ते उचलून, झाकण लावून, विकायला काढलं होतं. श्रेया केव्हा निघून गेली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अभय रजा टाकून दोघींना घाटीत, सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी डबी हुंगली, उलटी करून बघितली. खाली कंपनीचा पत्ता नव्हता, फोन नंबर होता तो लागत नव्हता. "यात एक औषध मिसळलेलं असावं," त्या म्हणाल्या. "आधी चेहरा उजळतो, म्हणून माणूस लावत राहतो. मग कातडी पातळ होते. आता मी सांगते तसंच करायचं. ऊन नको, धग नको, आणि धीर धरायचा. महिने लागतील." मग त्यांनी सहज विचारलं, "हे लावायला कुणी सांगितलं होतं?"

सुलेखानं ओढणी वर ओढली. बाईंनी डबीचं झाकण घट्ट लावलं.

घरी आल्यावर भाकरी बाईंकडं आली, ती कायमची. एकदा तव्यासमोर बसूनच त्या म्हणाल्या, "माझं चुकलं गं, सुलेखा. मी बोलायला नको होतं." सुलेखा नातीला भरवत होती. तिनं "व्हय" म्हटलं. नुसतं व्हय. राग नाही, माफीही नाही. बाईंना वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांची खोड सहजासहजी सुटणारी नव्हती. हात आपोआप हनुवटीकडं जायचा, आणि तो नुसता उचलला तरी सुलेखा मान वळवायची. मग बाई तोच हात नातीच्या डोक्यावरून फिरवायच्या.

लग्नाला निघायच्या दिवशी बाईंनी ज्वारीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि पुरचुंडी वर काढली. दाणे झटकत त्या म्हणाल्या, "घे. तुझे डाग राखले मी. एक बी जाऊ दिला नाय."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. सुलेखानं आधी पुरचुंडीकडं बघितलं, मग सासूच्या खांद्यापर्यंत पांढऱ्या झालेल्या हाताकडं, आणि तिला हसू फुटलं. हसताना गाल चुरचुरले तशी तिनं दोन्ही हातांनी गाल धरले, पण हसू काही थांबेना. बाईंना मात्र हसू येईना. त्यांना रडूच आलं.

फुलंब्रीच्या मांडवात व्हायचं तेच झालं. बायका एकेक करून यायच्या. "अगं बाई, तोंडाला काय झालं?" आणि दर वेळी सत्यभामाबाई मध्ये घुसायच्या. "तोंड काय बघता, बोरमाळ बघा. अस्सल सोन्याची हाय. बद्रीनाथ सराफाची." इतक्या वेळा म्हणाल्या, की संध्याकाळपर्यंत नवरीपेक्षा बोरमाळीचीच चर्चा जास्त झाली.

आता सुलेखाचा लालपणा बराच उतरला आहे. वांग राहिले आहेत आणि ती काही लावत नाही. ही गोष्ट इथंच संपली असती, पण मागच्या आठवड्यात श्रेया पुन्हा दारात उभी राहिली. बॅग नवी, कंपनी नवी. या वेळी तोंडाला स्कार्फ होता, आणि पाण्याचा ग्लास हातात दिला तरी तिनं तो स्कार्फ सोडला नाही. पाणी न पिताच ग्लास खाली ठेवला. स्कार्फखाली काय असेल, असा संशय बाईंना आलाच.

"जयभीम मावशी. ती कंपनी सोडली मी, लई फसवी होती," श्रेया म्हणाली. "ही नवी हाय, जडीबुटीची. क्रीमनं बिघडलेल्या तोंडासाठीच काढलीय." बाई तोंड उघडणार, तोच ती सुलेखाकडं वळली आणि तिनं तिचा ठरलेला प्रश्न विचारला, "ताई, घरात बोलणारं कुणी हाय का?"

सुलेखानं एकदा सासूकडं बघितलं. 

"नाय," सुलेखा म्हणाली. "आमच्या घरात कुणी बोलत नाय."

श्रेयानं बॅगेची चेन ओढली आणि ती पुढच्या दाराकडं निघून गेली.

सुलेखा ते खरं म्हणून बोलली, की पोरीला वाटेला लावायचं म्हणून, हे सत्यभामाबाईंना अजून कळलेलं नाही. दूध, तागडी, गोळ्यांची तारीख, सगळं त्या आजही तपासून घेतात. हे एवढं मात्र विचारून बघायचा धीर त्यांना होत नाही.